जहाजावरील कॉफी : तिचे शास्त्र आणि तिची तजवीज

मुंबईहून गोव्याकडे किंवा लक्षद्वीपाकडे जाणाऱ्या पर्यटक जहाजावर दोन-तीन रात्री काढून परतलेल्या पुणेकर मंडळींना प्रवास कसा झाला असे विचारावे, तर अथांग समुद्राचे, डेकवरून पाहिलेल्या सूर्यास्ताचे आणि भोजनगृहातील पदार्थांच्या रेलचेलीचे वर्णन ती मोठ्या हौसेने करतात. परंतु सकाळच्या कॉफीचा विषय निघाला, की त्या हौसेला एकाएकी ओहोटी लागते. कॉफी पाणचट होती, कडवट होती, तिला करपल्याचा वास होता, दुधाची चव निराळीच लागत होती, अशा नाना तऱ्हांनी एकच गाऱ्हाणे पुढे येते. हे गाऱ्हाणे बहुतांशी खरे असते. मात्र त्याचे खापर जहाजावरील आचाऱ्यांच्या हलगर्जीपणावर किंवा जहाज चालवणाऱ्यांच्या कंजूषपणावर फोडणे न्यायाचे होणार नाही. घरच्या ओट्यापाशी जी कॉफी आपण दहा मिनिटांत सिद्ध करतो, तिला समुद्रावर काळ, पाणी, दूध आणि हवा या चारही बाजूंनी अडचणी येतात. आणि त्या अडचणींचे स्वरूप ज्याला ठाऊक आहे, त्याला त्यांतून वाट काढणे मुळीच अवघड नसते. ती वाट दाखवावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

पुणे हे घाटमाथ्यावरचे शहर असले, तरी त्याचे समुद्राशी नाते जुने आहे. कोकणातून वर आलेली असंख्य घराणी या शहरात वसली, आणि आगबोटीचा प्रवास हा त्या घराण्यांच्या आठवणींचा एक मोठा भाग होऊन राहिला. मुंबईच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीच्या दिशेने जाई. किनारा उथळ असेल तेथे ती खोल पाण्यात उभी राही आणि पडाव उतारूंना व त्यांच्या वळकट्यांना काठापर्यंत पोचवीत. तो प्रवास निकडीचा होता. खाण्यापिण्याची शिदोरी ज्याची त्याने बांधून न्यावी, असाच डेकवरच्या उतारूंचा शिरस्ता होता. पुढे रस्ते सुधारले आणि ती वाहतूक मावळली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे जहाज सुरू झाले, ते काही काळच चालले. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे १९९० साली बांधलेले आणि दीड हजारांहून अधिक उतारूंना सामावणारे जहाज मुंबईहून पर्यटकांना नेऊ लागले, आणि समुद्रप्रवास हा निकडीऐवजी हौसेचा विषय झाला. पुणेकराला त्यासाठी फार धावपळही करावी लागत नाही. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या आणि आपला भोजनाचा डबा आजतागायत टिकवून धरणाऱ्या दख्खनच्या राणीने सकाळी निघावे आणि मुंबईस उतरून जवळच असलेल्या बॅलार्ड पिअरचा रस्ता धरावा, इतके ते सोपे आहे.

हा उतारू जहाजावर चढतो तेव्हा त्याच्या जिभेवर कॉफीचे दोन संस्कार झालेले असतात. पहिला संस्कार घरचा. दूध आणि थोडे पाणी एकत्र उकळावे, साखर आणि कॉफीची पूड टाकावी, वरून जायफळ किसावे, वेलदोड्याची पूड पेरावी आणि झाकण ठेवून ती कॉफी मुरू द्यावी, ही मराठी घरातील रीत. पेस्तनजी एदलजी दलाल यांनी १८८८ साली मुंबईत कॉफी दळण्याचा छोटा व्यवसाय मांडला, त्यातून पुढे पॉल्सन हे नाव उदयास आले, आणि चिकोरी मिसळलेली डब्यातील कॉफी मध्यमवर्गीय घरांत स्थिरावली. दुसरा संस्कार उपाहारगृहांचा. १९३६ साली मुंबईस चर्चगेट येथे पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले गेले आणि कॉफी ही बसून, बोलत, सावकाश प्यावयाची वस्तू आहे हे शहरी मनाला पटू लागले; तर पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरील ‘वैशाली’ आणि ‘रूपाली’ यांसारख्या उपाहारगृहांनी दाक्षिणात्य फिल्टर कॉफीची गोडी पिढ्यान्‌पिढ्यांना लावली. या दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे, ती ही, की कॉफी मागणी झाल्यावर सिद्ध होते आणि सिद्ध होताच प्याली जाते. जहाजावर नेमकी हीच साखळी तुटते.

ती तुटल्याने काय बिघडते, हे समजण्यासाठी कॉफी म्हणजे वस्तुतः काय, याचा थोडा विचार केला पाहिजे. भाजलेल्या कॉफीच्या बियांत पाण्यात विरघळू शकेल असा अंश वजनाच्या साधारण तीस टक्के असतो. परंतु तो सगळाच काढून घेणे इष्ट नसते. गरम पाणी पुडीवर पडताच प्रथम आम्ल आणि सुगंधी द्रव्ये उतरतात, त्यामागून गोडसर द्रव्ये येतात, आणि अखेरीस कडू व तुरट द्रव्यांचा क्रम लागतो. पुडीच्या वजनाचा १८ ते २२ टक्के अंश पाण्यात उतरला असता या तिन्हींचा मेळ उत्तम बसतो, असा या विषयातील तज्ज्ञांचा अभिप्राय आहे. त्याहून कमी उतरला तर कॉफी आंबट व पाणचट लागते, अधिक उतरला तर ती कडू होते. हे साधावे म्हणून पाण्याचे तापमान ९० ते ९६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे आणि एक लिटर पाण्यास ५५ ते ६० ग्रॅम पूड असावी, असे प्रमाण सामान्यतः सांगितले जाते. पुण्यात समुद्रसपाटीपासूनच्या सुमारे ५६० मीटर उंचीमुळे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. जहाजावर ते पुरते १०० अंशांवर उकळते. विमानात हवेचा दाब कमी केलेला असल्याने पाणी पुरेसे तापतच नाही, ती अडचण जहाजाला नाही. उष्णतेच्या बाबतीत समुद्र कॉफीला अनुकूलच आहे, हे प्रथम नमूद करून ठेवले पाहिजे.

खरी अडचण संख्येची आहे, आणि तिचा हिशेब मांडून पाहिला म्हणजे मुदपाकखान्यावरील भार ध्यानात येतो. दीड हजार उतारूंपैकी प्रत्येकाने न्याहारीच्या वेळी दीडशे मिलिलिटरचे दोन पेले घेतले, तर साडेचारशे लिटर कॉफी लागेल आणि तिच्यासाठी वर दिलेल्या प्रमाणाने जवळजवळ पंचवीस किलो पूड खर्ची पडेल. आणि हे सारे दोन-तीन तासांच्या अवधीत उरकले पाहिजे. अशा प्रसंगी कॉफी मोठ्या भांड्यांत आगाऊ करून ठेवणे, किंवा कारखान्यातून आलेला तिचा दाट अर्क यंत्रातून गरम पाण्यात मिसळून देणे, याखेरीज दुसरा इलाज उरत नाही. आगाऊ केलेली कॉफी तोटीच्या मोठ्या पात्रात तासन्‌तास गरम राखली जाते, आणि येथेच तिचा नाश होतो. कॉफीचा सुगंध शेकडो उडून जाणाऱ्या द्रव्यांचा बनलेला असतो. पात्र गरम असेतो ती द्रव्ये वाफेबरोबर निघून जात राहतात. दुसरीकडे कॉफीतील क्लोरोजेनिक आम्लांचे उष्णतेने विघटन होऊन क्विनिक आणि कॅफिक ही आम्ले वाढतात, आणि जिभेच्या मागील भागावर रेंगाळणारी ती परिचित आंबट-कडवट चव उत्पन्न होते. ‘करपल्याचा वास’ म्हणून लोक ज्याची तक्रार करतात, त्याचे मूळ बहुधा हे असते. पूड चांगली असते, माणूसही कुशल असतो, परंतु कॉफीचे आयुष्य संपल्यावर ती पेल्यात पडलेली असते.

कॉफीच्या पेल्यात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो, तेव्हा जहाजावरचे पाणी कोठून येते हे जाणणे अगत्याचे आहे. काही पाणी बंदरात भरून घेतले जाते, परंतु मोठी जहाजे आपल्या गरजेचे बरेचसे पाणी समुद्रातूनच काढतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते काढण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत मुख्य इंजिन थंड ठेवताना तापलेल्या पाण्याची उष्णता वापरतात. पात्रातील हवा काढून दाब इतका उतरवतात, की समुद्राचे पाणी पन्नास अंशांच्या आसपासच उकळू लागते, आणि त्याची वाफ थंड करून गोडे पाणी जमवले जाते. दुसऱ्या रीतीत वातावरणाच्या दाबाच्या साधारण साठपट दाबाने ते पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पापुद्र्यातून लोटले जाते, तेव्हा क्षार मागे राहतात. दोन्ही रीतींनी मिळणारे पाणी जवळजवळ निःक्षार असते. कॉफीतील स्वाद ओढून घेण्यास कॅल्शियम आणि विशेषतः मॅग्नेशियम यांचे अल्प प्रमाण साहाय्यभूत होते. ते नसल्यास कॉफी सपक उतरते, आणि फार असल्यास, म्हणजे बोअरच्या जड पाण्याप्रमाणे झाल्यास, तिचे आम्ल दबून ती मुकी होते. म्हणून चुनखडीसारख्या खनिजांतून नेऊन जहाजावरील पाण्यास थोडे क्षार परत दिले जातात. आणि इतक्या कमी उष्णतेवर उकळलेल्या पाण्यातील जंतू मरतातच असे नसल्याने त्यात क्लोरीन मिसळणे आरोग्याच्या दृष्टीने अनिवार्य ठरते. खडकवासल्याच्या पाण्याला सरावलेल्या जिभेला जी परकी चव लागते ती बहुधा या क्लोरीनची असते. पाणी खळखळून उकळले आणि झाकण काढून काही मिनिटे राहू दिले, तर तिचा बराच भाग निघून जातो.

गोड्या पाण्याचे समुद्रावरील मोल किती, याची एक हकिकत कॉफीच्याच इतिहासात नोंदलेली आहे. अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात गाब्रिएल द क्लिए नावाचा एक फ्रेंच अधिकारी कॉफीचे रोप घेऊन अटलांटिक महासागरातून मार्टिनिक बेटाकडे निघाला असता जहाजावरील पाणी आटले, तेव्हा आपल्या वाट्याच्या मोजक्या पाण्यातील काही भाग आपण त्या रोपाला घालून ते जगवले, असे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले. कॉफी ही वनस्पती जगभर पसरली ती जहाजांनीच. मोखा बंदरातून तिच्या बिया अरबी समुद्र ओलांडून आल्या. बाबा बुदान यांनी सतराव्या शतकात सात बिया चिकमगळूरच्या डोंगरांत रुजवल्याची परंपरागत कथा सर्वश्रुत आहे. आणि त्या शतकाच्या अखेरीस डच लोकांनी मलबारातून तिची रोपे जावा बेटावर नेली. आपल्या महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या थंड पठारावर इंग्रजी अमदानीपासून कॉफी होते. ज्या पेयाचा प्रसारच समुद्रमार्गे झाला, त्याची जहाजावर आबाळ व्हावी हे उचित नव्हे.

दुधाची कथा पाण्याहून वेगळी आहे. पुण्यात पहाटे दारात येणारी चितळ्यांची किंवा कात्रजची पिशवी ही आदल्या एक-दोन दिवसांतील दुधाची असते, आणि मराठी कॉफीत दुधाचा वाटा मोठा असल्याने त्या ताजेपणाला विशेष महत्त्व आहे. जहाजाच्या कोठीत दूध अनेक दिवस टिकले पाहिजे. सबब ते सुमारे १३५ ते १४० अंशांपर्यंत काही क्षण तापवून बंद खोक्यांत भरलेले, शीतपेटीवाचून महिनोन्‌महिने टिकणारे असते, किंवा पुडीचे केलेले असते. इतक्या तीव्र उष्णतेने दुधातील प्रथिनांतून गंधकयुक्त द्रव्ये सुटतात आणि त्याला शिजल्यासारखा वास येतो. हा दोष सर्वथा घालवता येत नाही, परंतु झाकता मात्र येतो, आणि तो झाकण्याचे साधन आपल्या घरच्या डब्यातच आहे. जायफळ आणि वेलदोडा यांचा सुगंध त्या शिजक्या वासावर सहज मात करतो. तेव्हा दोन चिमूट जायफळ-वेलदोड्याची पूड लहानशा डबीत घालून बरोबर न्यावी, हा घरच्या मुरलेल्या कॉफीची गोडी ठाऊक असणाऱ्यांना अनुभवान्ती मान्य होईल असा उपाय आहे.

चौथी अडचण हवेची. भाजून दळलेली कॉफीची पूड ओलावा झपाट्याने शोषून घेते. समुद्रावरच्या दमट हवेत उघडी राहिलेली पूड एका दिवसात गोळे धरते आणि तिचा सुगंध मावळतो. दळल्याने बियांचा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढत असल्यामुळे पुडीचा ताजेपणा काही दिवसांतच उतरतो, तर अखंड भाजलेल्या बिया नीट मिटलेल्या पिशवीत काही आठवडे उत्तम राहतात. मात्र याच दमट हवेने कॉफीच्या एका नामांकित प्रकाराला जन्म दिला, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबारच्या किनाऱ्यावरून निघालेल्या कच्च्या बिया आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून कित्येक महिन्यांनी युरोपात पोचत. वाटेत सागरी ओलाव्याने त्या फुगत, हिरव्याच्या फिकट सोनेरी होत, त्यांतील आम्ल उतरे, आणि त्या मृदू चवीचीच युरोपातील गिऱ्हाइकांना सवय जडली. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटींनी प्रवासाचा अवधी अगदी आखडला, आणि ती चव नाहीशी झाली. तेव्हा मंगळूर आणि त्याच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांनी तीच क्रिया जमिनीवर घडवून आणली. पावसाळ्याच्या महिन्यांत बाजूंनी उघड्या असलेल्या वखारींत बिया पसरून ठेवतात, वरचेवर उलटतात, मग सैल पोत्यांत भरून वाऱ्याला वाट राहील अशा रीतीने रचतात, आणि तीन-चार महिन्यांनी ‘मान्सून्ड मलबार’ कॉफी तयार होते. तिला आता भौगोलिक उपदर्शनाचे कायदेशीर संरक्षणही लाभले आहे. कच्च्या बीला जो ओलावा मानवला तो भाजलेल्या पुडीला घातक ठरतो, एवढा भेद मात्र प्रवाशाने विसरू नये. पूड एका-एका दिवसापुरत्या लहान, हवाबंद पुड्यांत विभागून न्यावी आणि प्रत्येक पुडी त्या-त्या दिवशीच उघडावी.

आता प्रत्यक्ष जहाजावर चांगली कॉफी कोठे मिळेल, याचा विचार करू. बुफेच्या दालनातील तोटीचे पात्र ही सर्वांत सुलभ आणि बहुधा सर्वांत निकृष्ट जागा होय. परंतु तेथेही वेळ साधली तर कॉफी बरी मिळते. न्याहारीचे दालन उघडताच पहिल्या पाव तासात गेले असता पात्र नुकतेच भरलेले असते; न्याहारी संपण्याच्या सुमारास गेले तर तळ गाठलेला असतो. भोजनगृहात टेबलावर बसून घेतलेली कॉफी काहीशी अधिक ताजी असण्याचा संभव असतो, कारण ती लहान किटल्यांतून वारंवार भरून आणली जाते. खात्रीलायक जागा म्हणजे जहाजावरील स्वतंत्र कॉफीचे दालन, जेथे प्रत्येक पेल्यासाठी बिया निराळ्या दळल्या जातात आणि वातावरणाच्या नऊपट दाबाने २५ ते ३० सेकंदांत एस्प्रेसो काढली जाते. तिचे पैसे बहुधा वेगळे पडतात आणि ते खोलीच्या हिशेबात मांडले जातात. तेव्हा जहाजावर चढण्यापूर्वीच आपल्या तिकिटात कोणती पेये समाविष्ट आहेत, हे लेखी पाहून घ्यावे. दिवसातून एक पेला तेथे घ्यावा आणि बाकीच्या कॉफ्यांचा मोह आवरावा, हे धोरण जिभेस आणि खिशास दोन्हींस हितकर आहे.

जेथे माणूस कॉफी देतो तेथे आणखी एक साधन आपल्या हाती असते, ते म्हणजे बोलणे. समुद्रावरील नोकरीची कोकणची आणि गोव्याची परंपरा फार जुनी. इंग्रजी आगबोटींवर सारंग, तांडेल, भंडारी या नावांनी आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबली, त्यांतील भंडाऱ्याकडे खलाशांच्या जेवणाचा कारभार असे, आणि गोव्याचे खानसामे उतारूंच्या भोजनगृहांत नाव मिळवून होते. आजही जहाजाच्या सेवकवर्गात आपल्या किनाऱ्यावरची माणसे आढळतात. त्यांना नम्रपणे, शक्य तर मराठीत किंवा कोंकणीत विचारावे, की नवी कॉफी केव्हा भरली जाईल, ताजी करून देणे शक्य होईल काय, दूध निराळे गरम मिळेल काय. हुकूम सोडणाऱ्याला पात्रातली कॉफी मिळते. आस्थेने विचारणाऱ्याला पुष्कळदा नवी किटली मिळते.

ज्यांना याहून अधिक स्वावलंबन हवे आहे, त्यांच्यासाठी आपल्या दक्षिणेच्या शेजाऱ्यांनी एक अप्रतिम साधन करून ठेवले आहे, आणि ते म्हणजे पितळेचा किंवा स्टीलचा दोन मजली फिल्टर. त्याला वीज लागत नाही, कागद लागत नाही, ज्योत लागत नाही. म्हणूनच तो जहाजाला विशेष योग्य आहे. मात्र येथे एक नियम कटाक्षाने पाळला पाहिजे. समुद्रावर आगीसारखे दुसरे संकट नाही. सबब बहुतेक पर्यटक जहाजांवर खोलीत आपली विजेची किटली, पाणी तापवण्याची कांडी, शेगडी किंवा तापणारे कोणतेही उपकरण नेण्यास सक्त मज्जाव असतो, आणि सामान तपासताना अशी वस्तू सापडल्यास ती काढून घेतली जाते. हा नियम रास्त आहे आणि त्याला पळवाट शोधू नये. फिल्टर हे तापणारे उपकरण नसले, तरी निघण्यापूर्वी कंपनीच्या दप्तरात विचारून त्याची मुभा निश्चित करून घ्यावी.

कृती अशी. एक चांगला थर्मास बरोबर असावा. भोजनगृहातून किंवा खोलीत किटली पुरवलेली असल्यास तीतून अगदी कढत पाणी थर्मासात घ्यावे. फिल्टरची दोन्ही भांडी प्रथम थोड्या कढत पाण्याने विसळून गरम करावीत, कारण थंड धातू पाण्याचे पाच-सहा अंश सहज गिळतो आणि यंत्राचे पाणी मुळातच उकळीपेक्षा थोडे कमी तापलेले असते. वरच्या सच्छिद्र भांड्यात माणशी दोन शिगोशीग चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम पूड घालावी, भांडे हलकेच आपटून ती सपाट करावी आणि दांडीची चकती तिच्यावर अलगद ठेवावी. दाबून बसवल्यास पाणी उतरत नाही, सैल सोडल्यास ते धावत सुटते. प्रथम दोन चमचे पाणी गोलाकार सोडून पूड भिजू द्यावी. ताजी पूड असेल तर भाजताना तिच्यात अडकलेला कर्बवायू सुटून ती फुगते, आणि हीच तिच्या ताजेपणाची साक्ष. अर्ध्या मिनिटाने माणशी सत्तर मिलिलिटर पाणी सावकाश ओतावे, झाकण लावावे, फिल्टर मेजावर न ठेवता मोरीच्या सपाट तळात ठेवावा, म्हणजे जहाज कलले तरी सांडण्याचे भय राहत नाही, आणि पंधरा ते वीस मिनिटे त्याकडे ढुंकून पाहू नये. खाली जमलेला तो दाट, काळसर, तुळतुळीत अर्क दुप्पट कढत दुधात मिसळला, की समुद्राच्या मध्यावर दाक्षिणात्य उपाहारगृहातल्यासारखी कॉफी हाती येते. पूड घेताना पाकिटावरील चिकोरीचे प्रमाण वाचावे. कायद्याने मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे, परंतु प्रवासासाठी ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी हे मिश्रण मला सर्वांत सोईचे वाटते, कारण चिकोरीमुळे किंचित कमी तापलेल्या पाण्यातही अर्काला दाटपणा येतो. निथळलेला गाळ मोरीत न टाकता कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकावा. जहाजावरील नळांची व्यवस्था नाजूक असते आणि आपल्या सुखापायी ती तुंबवणे असभ्यपणाचे होईल.

इतकाही व्याप ज्यांना नको, त्यांनी कॉफीच्या वड्यांची आठवण करावी. साखरेच्या पाकात कॉफी, जायफळ आणि वेलदोडा घालून थापलेली वडी गरम दुधात टाकली की पेला तयार, ही जुन्या मराठी घरांतील सोय प्रवासासाठीच जणू योजलेली होती. साखरेच्या कवचात कॉफीचा गंध उघड्या पुडीपेक्षा बराच अधिक टिकतो. किंवा तत्काळ विरघळणारी कॉफी घेऊन ती साखरेबरोबर दोन-चार थेंब पाण्यात फिकट होईतो फेटावी आणि वर कढत दूध ओतावे. ताज्या कॉफीची सर तिला येणार नाही. तथापि तासभर पात्रात आटलेल्या कॉफीपेक्षा ती निःसंशय सरस असते.

प्रकृतीविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. जहाज लागत असेल, म्हणजे डोलण्याने मळमळत असेल, त्या वेळी रिकाम्या पोटी कॉफी घेणे टाळावे. ती पोटातील आम्ल वाढवते आणि मळमळ बळावते. प्रथम काहीतरी कोरडे खावे, पाणी प्यावे, आणि जीव स्थिर झाल्यावर कॉफीकडे वळावे. कॅफीनचा अर्धा अंश शरीरातून जाण्यास सामान्यतः पाच तासांच्या आसपास लागतात, म्हणून रात्रीच्या जेवणानंतर डेकवर बसून घेतलेला मोठा पेला पहाटेपर्यंत झोप हिरावून घेऊ शकतो. समुद्रावरचा सूर्योदय ज्याला पाहावयाचा आहे, त्याने दिवसाची शेवटची कॉफी दुपारी चारच्या आत उरकावी.

एकंदरीत पाहता जहाजावरील कॉफीच्या चारही दोषांत काळाचा दोष सर्वांत मोठा आहे, आणि सुदैवाने तोच सर्वांत सहज टाळता येतो. पाणी बदलता येत नाही, दूध फारसे बदलता येत नाही, हवा तर मुळीच नाही; परंतु पेला भरला जाण्यापूर्वी कॉफी किती वेळ थांबली आहे, हे पाहणे प्रत्येक उतारूच्या हाती आहे. तेव्हा समुद्रावर जाणाऱ्या वाचकांस माझी एवढीच विनंती आहे, की कॉफी किती मिळते याकडे पाहू नका. ताजी असेल तेथे मागा, ताजी करता येईल तेथे स्वतः करा, आणि दोन्ही शक्य नसेल तेव्हा सरळ चहा घ्या.